जुन्या गाडीचा आवाज आणि थरथर: पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

गॅरेजात गाडी लावून "आवाज येतोय, बघा जरा" एवढंच सांगितलं की पुढचं ठरलेलं. मेकॅनिक एक चक्कर मारतो, "बेअरिंग गेलंय" म्हणतो. बेअरिंग बदललं जातं आणि चार दिवसांत तोच आवाज परत. मग क्रॉस (फिरत्या दांड्याचा सांधा), मग क्लच. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या बोलेरोत, सुमोत किंवा स्विफ्टमध्ये थोडीफार झीज सगळीकडेच असते, त्यामुळे जे उघडाल ते झिजलेलंच निघतं. पण झिजलेलं निघालं म्हणजे आवाजही त्याचाच, हे धरून चालणं ही पहिली चूक.

त्याआधी आवाज कशाबरोबर बदलतो ते बघा. रिकामा, सपाट, सरळ रस्ता गाठा. ज्या वेगाला थरथर सुरू होते, समजा ७०, तिथे क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाका आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. आवाज तसाच राहिला तर टायर, हब, एक्सल, शाफ्ट यांच्याकडे बघायचं. लगेच थांबला तर इंजिन, त्याचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते), क्लच किंवा जोर पडल्यावरच बोलणारा एखादा जॉइंट. मग उभ्या गाडीत तेवढेच आरपीएम देऊन बघा. तिथेही थरथरली तर चाकांचा संबंध संपला. हे करताना चावी मात्र बंद करू नका. स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, आणि ब्रेकचा बूस्टरही थोड्याच वेळात साथ सोडतो.

थरथरीची जात ओळखायला थोडं गणित कामी येतं. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर. ८० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण १० वेळा फिरतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणारा लांब दांडा) त्याच्या चौपट, म्हणजे ४० च्या आसपास. चाकाची थरथर म्हणूनच जाड आणि हेलकावणारी असते. पुढच्या चाकाची असेल तर स्टिअरिंग हलतं, मागच्याची असेल तर सीट. शाफ्टची थरथर बारीक असते, पायाखालच्या पत्र्यातून तळव्यांना झिणझिण्या आल्यासारखी लागते.

टायरला बेअरिंग समजणं हा तर रोजचा प्रकार. खड्डे-खड्डे पडून झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घोंघावतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवरून उतरून डांबरी रस्त्याला लागल्यावर आवाजाचा सूर बदलला तर संशय टायरवर घ्या. बेअरिंगला रस्ता कसला आहे याच्याशी देणंघेणं नसतं. बेअरिंगची खूण वेगळी. चालत्या गाडीत हलकंसं उजवीकडे वळलात की वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा घोंगावणं वाढलं तर बहुधा डावीकडचं बेअरिंग, डावीकडे वळताना वाढलं तर उजवीकडचं. पावसाळ्यात त्याआधीही एक बघायचं: रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल. कोकणात जाऊन आलेल्या कितीतरी गाड्यांची थरथर पाण्याच्या पाइपाने बरी होते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पूर्ण स्टिअरिंग वळवून रेस दिल्यावर कट-कट आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा). सरळ जाताना फक्त रेस दिल्यावर गाडी डोलत असेल आणि पाय काढताच शांत होत असेल तर आतला. रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का, हे चाकाजवळ वाकूनही दिसतं.

आता प्रोपेलर शाफ्ट, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. क्रॉस खराब असल्याची खूण म्हणजे पुढच्या गिअरमधून रिव्हर्सला जाताना येणारा "टक्क" आणि सावकाश चालताना तालात येणारी चिक-चिक. कपाच्या कडेला लालसर गंजाची भुकटी दिसली तर तो बदलाच. पण बदलताना शाफ्ट सरकत्या जोडापासून (खाचांमध्ये मागेपुढे सरकणारा भाग) वेगळा केला आणि खुणा न करता पुन्हा बसवला, तर नवा क्रॉस टाकूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. एका शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) सहसा एकाच रेषेत असावे लागतात. एक खाच पुढे-मागे बसली तरी ती रेष तुटते. उघडण्याआधी सरकत्या जोडावर आणि डिफरेन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना फिरणं वाटून देणारा गिअरचा गोळा) फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीवर, खडूने नाही, पंचने किंवा पेंटने खूण करायला लावा आणि त्या वेळी तिथे उभे राहा. मेकॅनिकला आवडणार नाही, तरी राहा. शाफ्टवर लहानसा लोखंडी तुकडा वेल्ड केलेला दिसला तर तो बॅलन्सिंगचा असतो. कचरा समजून काढू नका.

माल भरता यावा म्हणून मागे जादा पाटा टाकून घेतलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. पाठ उंचावली की शाफ्टचा कोन बदलतो, आणि मग कितीही क्रॉस बदलले तरी थरथर जात नाही. दोन भागांच्या शाफ्टमध्ये सुटतानाच गाडी हादरत असेल तर सेंटर बेअरिंगचं रबर बघा.

क्लचबद्दल थोडक्यात. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलला येतो आणि पेडल दाबल्यावर थांबतो, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दोन्हींसाठी सरसकट क्लच प्लेट बदलण्यात अर्थ नाही.

गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमध्ये एकाच डब्यातलं तेल ओतणंही टाळा. हायपॉइड (एका खास प्रकारचे गिअर असलेल्या) डिफरेन्शियलला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, तर पितळी सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडावा म्हणून असलेली कडी) असलेल्या बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४. गाडीचं मॅन्युअल बघून ठरवा.

चाक उचलून तपासायचं तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. आणि एकच चाक हवेत ठेवून गिअर टाकलात तर मीटरवर ४० दिसताना ते चाक ८० च्या वेगाने फिरत असतं, कारण डिफरेन्शियल दुसऱ्या चाकाचा वाटाही त्यालाच देतं.

शाफ्टचा "टक्क" आठवड्यागणिक वाढत असेल तर घाटाचा प्रवास रद्द करा. पुढचा क्रॉस तुटला की शाफ्टचं तोंड रस्त्यावर आपटतं आणि वेगात असाल तर गाडी उचलूही शकतं. अशी गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढून न्यायची वेळ आली, तर आधी शाफ्ट उतरवून घ्या.