ग्लायस्कोर खेळवायचा कसा: विष अंगावर घेऊन मॅच जिंकायची पद्धत

पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममधल्या लढायांमध्ये ग्लायस्कोर हा माझा सगळ्यात आवडता पोकेमॉन आहे आणि तो चुकीच्या पद्धतीने खेळलेला बघितला की मला खरंच वाईट वाटतं, कारण लोक त्याला टीममध्ये घेतात, दोन अर्थक्वेक (ग्राउंड टाइपचा हल्ला) मारतात, मग समोरून आइस बीम येतो आणि संपलं, वर म्हणतात की याच्यात काही दम नाही. दम आहे, पण तो मारण्यात नाही, टिकण्यात आहे. ग्लायस्कोर खेळताना प्रत्येक टर्नला स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आत्ता वेळ गेला तर फायदा कोणाचा? उत्तर "माझा" असेल तर घाई करायची नाही.

आधी थोडी ओळख. २००६ मध्ये डायमंड आणि पर्ल या गेम्ससोबत हा आला, टाइप ग्राउंड आणि फ्लाइंग. त्यामुळे इलेक्ट्रिक आणि ग्राउंड दोन्ही अ‍ॅटॅक याला लागतच नाहीत, फायटिंग, पॉयझन आणि बग अर्धेच लागतात. बेस डिफेन्स १२५, स्पीड ९५. वॉटर दुप्पट लागतं आणि आइस चौपट, हे चौपट प्रकरण डोक्यात पक्कं बसवून ठेवा. स्वॉर्ड आणि शील्डमध्ये तो नव्हताच, स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्येसुद्धा सप्टेंबर २०२३ मध्ये टील मास्क हा जास्तीचा भाग आल्यावर परत आला.

पहिलं काम, योग्य अ‍ॅबिलिटी

अ‍ॅबिलिटी म्हणजे पोकेमॉनचा अंगभूत गुण. पॉयझन हील सोडून दुसरी अ‍ॅबिलिटी असलेला ग्लायस्कोर घेऊ नका. ही त्याची हिडन अ‍ॅबिलिटी आहे, साधा पकडलेला असेल तर अ‍ॅबिलिटी पॅच वापरावा लागतो. ग्लायगरला रेझर फँग हा आयटम देऊन रात्री लेव्हल वाढवली की ग्लायस्कोर होतो. मग हातात टॉक्सिक ऑर्ब हा आयटम द्यायचा. हा ऑर्ब ज्याच्याकडे असतो त्यालाच विष देतो, पण पॉयझन हीलमुळे विषाने एचपी (जीव) कमी व्हायच्या ऐवजी दर टर्नला एकूण एचपीचा १/८ भाग परत मिळतो. शिवाय एकदा विषबाधा झाली की दुसरं कुठलंच स्टेटस लागत नाही, म्हणजे झोप नाही, बर्न नाही, फ्रीझ नाही. ब्रेलूम स्पोर (झोपवणारी मूव्ह) टाकायला आला तरी ग्लायस्कोर जागाच.

नवव्या जनरेशनमध्ये (स्कार्लेट आणि व्हायोलेटच्या पिढीत) याची किंमत अजून वाढली, कारण रिकव्हर, रूस्ट वगैरे हीलिंग मूव्हचे पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा) ५ वर आणले, पीपी अप देऊनही जास्तीत जास्त ८. बाकीचे टिकाऊ पोकेमॉन आठ वेळा हील करून संपतात आणि ग्लायस्कोरला हील करायला ना मूव्ह लागते ना पीपी.

पहिल्यांदा मैदानात कधी आणायचा

इथेच सगळ्यात जास्त मॅच हातच्या जातात म्हणून जरा सविस्तर सांगतो. ऑर्ब टर्नच्या शेवटी काम करतो, आल्या आल्या नाही. म्हणजे ज्या टर्नला तो आत येतो त्या टर्नला तो उघडा असतो. तेवढ्यात विल-ओ-विस्प (बर्न करणारी मूव्ह) लागला तर बर्न बसला, मग विष लागणारच नाही आणि पॉयझन हील पूर्ण मॅच बंद. नॉक ऑफ (हातातला आयटम पाडणारी मूव्ह) बसला तर ऑर्बच गेला. मी एका महत्त्वाच्या मॅचमध्ये नेमका विल-ओ-विस्पवर त्याला आत आणला होता, तिसऱ्याच टर्नला, आणि नंतर वीसेक टर्न एक जळलेला, हील न होणारा ग्लायस्कोर घेऊन बसलो होतो. तेव्हापासून पहिली एंट्री मी फार जपून करतो.

चांगली संधी म्हणजे समोरचा इलेक्ट्रिक किंवा ग्राउंड मूव्ह मारणार हे जवळजवळ नक्की असतं तेव्हा. व्होल्ट स्विचवर (मारून लगेच पोकेमॉन बदलणारी इलेक्ट्रिक मूव्ह) आणला तर अजूनच छान, कारण तो लागत नाही आणि समोरच्याचं स्विचसुद्धा होत नाही, बिचारा तिथेच उभा राहतो. दुसरा मार्ग म्हणजे आपला एखादा पोकेमॉन पडल्यावर फुकटात आणायचा आणि पहिली मूव्ह प्रोटेक्टच (त्या टर्नचा हल्ला अडवणारी) करायची. टर्न संपेपर्यंत ऑर्ब लागतो. फक्त समोरच्याला हे माहीत असतं, त्यामुळे त्या टर्नला तो स्वॉर्ड्स डान्स (स्वतःची ताकद वाढवणारी मूव्ह) वगैरे टाकू शकतो, तेवढं बघून घ्या.

एकदा विष लागलं की मग उलटं, आता नॉक ऑफ खुशाल खायचा. ऑर्ब गेला तरी विष जात नाही आणि हील चालूच राहतं. म्हणजे टीममधल्या ज्यांना आपला आयटम जपायचा आहे त्यांच्या जागी नॉक ऑफवर ग्लायस्कोर पाठवायचा. फक्त आपल्याच टीममध्ये हील बेलसारखी स्टेटस साफ करणारी मूव्ह ठेवू नका. ऑर्ब गेल्यावर विष साफ झालं तर ते परत आणणार कुठून?

मूव्ह आणि ईव्ही

मला सगळ्यात आवडतो तो जुना सेट: टॉक्सिक (समोरच्याला विष देणारी), प्रोटेक्ट, सबस्टिट्यूट (एचपी खर्चून पुढे उभा केलेला बाहुला, मार तो खातो), अर्थक्वेक. याचं गणित बघा, एकदा कळलं की डोक्यातून जात नाही. लेव्हल १०० ला एचपीमध्ये २४४ ईव्ही (एचपी, स्पीड वगैरे वाढवायला वाटता येणारे गुण) टाकले की एचपी ३५२ होतो. सबस्टिट्यूटला चौथा भाग लागतो, म्हणजे ८८. पॉयझन हील दर टर्नला ४४ देतं. एका टर्नला सबस्टिट्यूट, पुढच्या टर्नला प्रोटेक्ट, दोन टर्नचे ४४ अधिक ४४ म्हणजे ८८, खर्च पूर्ण वसूल. सगळे २५२ टाकले तर एचपी ३५४ होतो पण हील ४४ आणि खर्च ८८ च राहतो, म्हणून उरलेले ८ दुसरीकडे वापरायचे. लेव्हल ५० च्या मॅचमध्ये मात्र २५२ टाकणं चक्क तोट्याचं आहे: एचपी १८२, हील २२, सबस्टिट्यूट ४५, म्हणजे प्रत्येक फेरीत एक एचपी कमी. तिथे २२८ टाका, एचपी १७९, हील २२, खर्च ४४, हिशोब बरोबर.

तोपर्यंत समोरच्याला टॉक्सिक लागलेला असतो आणि तो १/१६, २/१६, ३/१६ असा वाढत जातो, पाच टर्नमध्ये १५/१६ एचपी गेला. समोरचा स्विच करून हा आकडा परत एकवर आणतो, पण मग त्याला स्विच करायला आपणच भाग पाडलं ना.

ज्यांना हे चक्र नको त्यांनी सबस्टिट्यूट काढून स्पाइक्स (समोरच्या बाजूला जमिनीवर टाकलेले काटे) ठेवा, कारण टॉक्सिक टाळायला समोरचा सारखा स्विच करतो आणि प्रत्येक स्विचला स्पाइक्स लागतात. तिसरा प्रकार स्वॉर्ड्स डान्स आणि फसाडचा. स्टेटस असताना फसाडची पॉवर ७० वरून १४० होते, मजा येते, फक्त घोस्टला लागत नाही म्हणून सोबत नॉक ऑफ ठेवायचा.

स्पीड कमी करू नका, सबस्टिट्यूट समोरच्याच्या आधी लागलं पाहिजे. लेव्हल १०० ला ५६ ईव्ही टाकले की स्पीड २४० होतो, म्हणजे अ‍ॅडमंट नेचरच्या फुल स्पीड ब्रेलूमच्या २३९ पेक्षा एकाने जास्त. उरलेले २०८ डिफेन्समध्ये, नेचर (पोकेमॉनचा स्वभाव) इम्पिश.

प्रोटेक्ट लागोपाठ दोनदा दाबू नका. दुसऱ्यांदा चालायची शक्यता तीनात एक असते आणि नेमकं तेव्हाच आइस बीम येतो.

कोणासमोर थांबायचं नाही

आइसवाला वीव्हाइल दिसला की निघा. ट्रिपल अ‍ॅक्सल तीनदा लागतो, पहिल्या फटक्यात सबस्टिट्यूट फुटला तरी पुढचे दोन आपल्यालाच. क्युरेमसमोरही थांबू नका. हॅटरीन मॅजिक बाउन्सने टॉक्सिक आणि स्पाइक्स आपल्याकडेच परत पाठवते. टॉन्ट (हल्ला सोडून बाकी मूव्ह बंद करणारी मूव्ह) मारणारा कोणीही असला की प्रोटेक्ट आणि सबस्टिट्यूट दोन्ही बंद. आणि कॉर्व्हिनाइट, स्टील असल्यामुळे टॉक्सिक नाही, फ्लाइंग असल्यामुळे अर्थक्वेक नाही, स्पाइक्ससुद्धा नाही. त्याच्यासमोर बसून राहिलात तर वेळ त्याचा, तुमचा नाही, सरळ स्विच करा.

म्हणून साथीदार नीट निवडा. टॉक्सापेक्स आइस आणि वॉटर दोन्ही अर्धे खातो, त्याला इलेक्ट्रिक आणि ग्राउंड दुप्पट लागतात आणि ते दोन्ही ग्लायस्कोरला लागतच नाहीत. इतकी जुळणारी जोडी क्वचित मिळते. हीट्रानही छान, आइस पाव लागतं, कॉर्व्हिनाइटला आगीने भाजतो आणि त्याला चौपट लागणाऱ्या ग्राउंडवर ग्लायस्कोर आत येतो. पाण्याचा बंदोबस्त मात्र हीट्रानसोबत वेगळा करावा लागतो.

टेरा (मॅचमध्ये पोकेमॉनचा टाइप बदलणं) वापरायचा असेल तर वॉटर. चौपट आइस थेट अर्धा होतो आणि समोरचा आइस बीम दाबून बसलेला असतो. पण त्या क्षणी ग्राउंड आणि फ्लाइंग दोन्ही जातात, इलेक्ट्रिक आणि ग्रास दुप्पट लागायला लागतात, स्पाइक्ससुद्धा लागतात. समोर इलेक्ट्रिकवाला जिवंत असेल तर मी टेरा करतच नाही.

शेवटी शेवटी दोन-तीनच पोकेमॉन उरले की समोरच्याचे पीपी मोजायला लागा. आपल्या प्रोटेक्टचे पूर्ण पीपी अप दिले तर १६ असतात, आणि समोरच्याने रिकव्हर सहा वेळा वापरलं असेल तर त्याच्याकडे जास्तीत जास्त दोन उरलेत. ते दोन संपेपर्यंत अर्थक्वेक दाबायचा मोह होतो, पण नका दाबू. प्रोटेक्ट करा, हील घ्या, टॉक्सिकला त्याचं काम करू द्या, आणि तिसऱ्यांदा त्याला रिकव्हर करता आलं नाही की मग मारा.