"माझो विंडोज खंय गेलो?" : लिनक्स शेजारी टाकल्यावर बूट बिघडलं तर काय करायचं

रात्री साडेदहाला देवगडहून आतेभावाचा फोन. "अरे, माझो विंडोज खंय गेलो?" स्क्रीन काळी, वरती फक्त ग्रब (कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा लिनक्सचा छोटा प्रोग्रॅम) असं लिहिलेलं आणि पुढे कर्सर लुकलुकतोय, आणि त्याच लॅपटॉपात गेल्या दोन सीझनचा आंब्याच्या पेट्यांचा हिशोब. त्याने काय केलं होतं, तर जागा संपली म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये शिरला, तिथे एक पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) दिसलं ज्याला ना नाव ना ड्राइव्हचं अक्षर, "ह्या रिकामाच आसा" म्हणून उडवून टाकलं. ते लिनक्स होतं, विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, मीच दिवाळीत त्याच्या लॅपटॉपवर बसवून दिलेली. विंडोज जागच्या जागी होतं, एक फाईल हलली नव्हती, फक्त आत जायची वाट लिनक्सवरून जात होती ती मोडली. फोनवरच बूट मेनू उघडायला लावला, त्यातून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडायला सांगितलं, झालं चालू.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ ज्यांच्या मशीनवर बसत नाही असे बरेच जण आता मिंट नाहीतर उबुंटू (लिनक्सचेच प्रकार) शेजारी टाकून बघतायत, त्यामुळे असले फोन मला वाढलेत. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो. यातली अर्धी भानगड घाबरून फॉरमॅट मारल्याने होते, मूळ बिघाडाने नाही.

काही करायच्या आधी

लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि पार्टिशन लहानमोठं करताना मशीन मधेच बंद पडलं तर मात्र डेटा खरंच जाऊ शकतो. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरवर लावा, तोही नसेल तर वारा-पाऊस असताना हे काम काढूच नका. लिनक्स ज्या पेनड्राइव्हवरून टाकलं तो पुसू नका, तो जवळ असू दे. आणि नेटसाठी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा, कारण काही जुन्या लॅपटॉपांचं वायफाय लिनक्सवर आल्या आल्या चालत नाही, केबलचं मात्र सहसा चालतं.

कमांड मी इथे बोलल्यासारख्या लिहितोय, टाईप अर्थात इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

पायरी १ : नक्की कुठे अडलंय

मशीन बंद करून चालू करा आणि लगेच बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल, लेनोवो ला एफ१२, एचपी ला आधी एस्केप मग एफ९, बाकीच्यांचं चालू होताना स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहून येतं. जी यादी येईल त्यात 'विंडोज बूट मॅनेजर' आहे का आणि 'उबुंटू' आहे का ते बघा (मिंट टाकलं असलं तरी तिथे बहुतेक वेळा उबुंटू असंच नाव असतं, त्यावरून गोंधळू नका). दोन्ही नावं दिसतायत आणि दोन्ही निवडल्यावर चालू होतायत, तर तुमचं काहीच बिघडलेलं नाही, फक्त क्रम बदललाय. हे सगळ्यात जास्त वेळा होतं, विंडोजचं मोठं अपडेट झालं की ते स्वतःला रांगेत पुढे नेऊन बसवतं. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जची स्क्रीन) जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर घ्या, सेव्ह करा, विषय संपला.

पायरी २ : फाईली आहेत की नाहीत, डोळ्यांनी बघा

यादीत गडबड असेल तर पेनड्राइव्हवरून लाईव्ह लिनक्स (डिस्कवर काही न टाकता चालणारं) चालू करा, इन्स्टॉलवर क्लिक करू नका, नुसतं फाईल मॅनेजर उघडा आणि विंडोजच्या ड्राइव्हवर जाऊन यूजर्सच्या फोल्डरात आपले फोटो, एक्सेल दिसतायत का बघा. दिसले की आधी महत्त्वाचं तेवढं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. याने जीव भांड्यात पडतो आणि पुढच्या पायऱ्या माणूस धीराने करतो. ड्राइव्हने पासवर्ड किंवा की मागितली तर ते बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) आहे, त्याचं खाली सांगतो.

पायरी ३ : मेनूत विंडोजच दिसत नाही

लिनक्स चालू होतंय पण सुरुवातीच्या ग्रबच्या मेनूत विंडोज नाही. याची मुख्य कारणं दोन.

पहिलं साधं आहे. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधून मेनूत घालायचं काम सुरक्षेसाठी मुळात बंद ठेवलेलं असतं, लिनक्सचे काही प्रकार ते आपणहून चालू करून देतात काही नाही देत. इटीसी, त्यात डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाईल आहे, ती टर्मिनलमधून सुडो नॅनोने (मालकाच्या अधिकारात चालणारा साधा एडिटर) उघडा आणि त्यात 'ग्रब अंडरस्कोर डिसेबल अंडरस्कोर ओएस अंडरस्कोर प्रोबर इक्वल टू फॉल्स' अशी ओळ घाला, फॉल्स तेवढं लहान अक्षरांत, बाकी सगळी कॅपिटल. आधीपासून ओळ असेल आणि पुढे हॅश असेल तर हॅश काढा. मग 'सुडो अपडेट-ग्रब'. ती चालताना विंडोज बूट मॅनेजर सापडला असं लिहून आलं की रीस्टार्ट.

दुसरं कारण चिवट आहे, आणि माणसं यात दोन-दोन दिवस घालवतात. मशीन चालू व्हायच्या पद्धती दोन, नवी यूइएफआय आणि जुनी लेगसी. विंडोज यूइएफआय पद्धतीने टाकलेलं आणि लिनक्स लेगसी पद्धतीने, मग दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत, कितीही वेळा अपडेट-ग्रब करा. विंडोजमध्ये सर्चमध्ये एमएसइन्फो३२ टाकून 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय ते बघा. लिनक्समध्ये सिस, मग फर्मवेअर, त्यात इएफआय नावाचं फोल्डर असेल तर यूइएफआय, नसेल तर लेगसी. वेगवेगळं निघालं तर मी सरळ लिनक्स परत टाका म्हणेन, डागडुजी करत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. परत टाकताना बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातला ज्याच्यापुढे यूइएफआय लिहिलंय तो घ्यायचा.

आणि परत टाकताना एक गोष्ट. डिस्कवर साधारण १०० एमबी च्या आसपासचं एक छोटं फॅट३२ पार्टिशन असतं, इएफआयचं. त्यात विंडोजच्या पण किल्ल्या आणि लिनक्सच्या पण. आमच्याकडे दोन घरांत मिळून सामाईक विहीर असते ना, तसं ते, वापरायचं दोघांनी, बुजवायची कुणीच नाही. इन्स्टॉलर विचारेल तेव्हा ते वापरायला हो म्हणा, फॉरमॅटच्या टिकमार्कला नको.

पायरी ४ : ग्रब, कर्सर आणि पुढे काही नाही

आतेभावासारखं लिनक्सचं पार्टिशन उडालं असेल तर वरची युक्ती, बूट मेनूतून विंडोज. जुन्या लेगसी मशीनवर मात्र ती चालत नाही, तिथे विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह लावून रिपेअरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्टवर 'बूटरेक /फिक्सएमबीआर' द्यावं लागतं.

लिनक्स उडवलेलं नसताना हे आलं तर मिंटच्या लाईव्ह पेनड्राइव्हमध्ये मेनूत ॲडमिनिस्ट्रेशनखाली बूट रिपेअर नावाचं टूल आधीच असतं, नेट जोडा, ते उघडा, 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा आणि ते सांगेल तसं करा. मी पायरी १ आणि ३ केल्याशिवाय हे वापरत नाही, कारण जिथे नुसता क्रम बदललाय तिथेही ते सगळं परत लिहून काढतं आणि मेनूत फालतू नावं वाढवून ठेवतं.

'एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा मेसेज येऊन मशीन बंद होत असेल तर ते वेगळं, ते ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच लोकांना आलं होतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्या सिस्टिमच चालू होऊ देणारी सोय) तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जाऊन सगळी अपडेट घ्या, मग परत चालू करून बघा. पण सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी पुढची पायरी वाचा.

पायरी ५ : निळी स्क्रीन, ४८ आकडे मागतेय

हे बिटलॉकर. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर मालकाला पत्ता नसताना एन्क्रिप्शन चालू असतं, आणि तुम्ही सिक्युअर बूट किंवा बूटचं काही बदललंत की ते संशय घेतं आणि रिकव्हरी की मागतं. ही ४८ आकड्यांची की बहुतेक करून ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सेट केला त्यात ऑनलाइन सेव्ह असते, फोनवरून लॉगिन करून बघता येते. पंचाईत अशी की आपल्याकडे ते अकाउंट दुकानदाराने नाहीतर पुतण्याने काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. म्हणून लिनक्स टाकायच्या आधीच की शोधून कागदावर लिहा आणि बायोसला हात लावताना बिटलॉकर सस्पेंड करा. की नाही आणि अकाउंटही नाही, तर तो डेटा कुठलाच कारागीर काढून देऊ शकत नाही.

पायरी ६ : इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

इंटेलच्या लॅपटॉपांवर हे होतं, स्टोरेज आरएसटी किंवा रेड मोडवर (डिस्कशी बोलायची वेगळी पद्धत) असतं. बायोसमध्ये ते एएचसीआय (साधी पद्धत) करायचं, पण थेट केलंत तर विंडोज उठणार नाही. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या टॅबमध्ये सेफ बूट टिक करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये उठेल, टिक काढा, परत रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड हाताशी ठेवा.

पायरी ७ : बारीकसारीक, पण डोकं खाणारं

लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही, नुसतं वाचता येतं? फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पुरतं बंद नसतं, अर्धवट झोप असते, आणि झोपलेल्याच्या ड्राइव्हवर लिनक्स लिहायला बघत नाही, बरोबरच करतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन ते बंद करा.

घड्याळाचं तर ऐका. मालवणात ओळखीच्यांचं होमस्टे आहे, तिथे पहाटे पाचला उतरलेल्या पाहुण्यांचं चेक-इन आदल्या रात्री साडेअकराला पडलं आणि एका रात्रीचं भाडं जास्त लागलं म्हणून वाद. विंडोज मशीनच्या घड्याळात इथली वेळ ठेवतं, लिनक्स युटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं, आपला फरक बरोब्बर साडेपाच तासांचा, म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ तेवढं मागे. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या, मग विंडोजमध्ये जाऊन एकदा वेळ सिंक करा.

विंडोजमध्ये कधी "ही डिस्क वापरायला फॉरमॅट करावी लागेल" असा डबा आला तर कॅन्सल. ते लिनक्सचं पार्टिशन आहे, विंडोजला वाचता येत नाही म्हणून बडबडतंय.

शेवटचं आत्येसाठी. तिला सकाळी लॅपटॉप उघडून फक्त ऑर्डरी बघायच्या असतात, मेनू दिसला की ती हाका मारत सुटते. पायरी ३ मधल्या त्याच फाईलीत 'ग्रब अंडरस्कोर डिफॉल्ट इक्वल टू सेव्हड' करा, खाली 'ग्रब अंडरस्कोर सेव्हडिफॉल्ट इक्वल टू ट्रू' घाला (सेव्हड आणि ट्रू लहान अक्षरांत), परत सुडो अपडेट-ग्रब. मग गेल्या वेळी जे उघडलं होतं तेच आपोआप उघडतं. तुम्ही रात्री लिनक्स वापरलंत तर झोपायच्या आधी एकदा विंडोज निवडून ठेवायचं तेवढं विसरू नका, नाहीतर सकाळी हाक तुम्हालाच.