पात्राचे पाय जमिनीवरून घसरतात तेव्हा

पायगेम (पायथॉनमध्ये गेम बनवायची लायब्ररी) शिकायला घेतलं तेव्हा मला वाटायचं, ॲनिमेशन हे चित्रकाराचं काम. आपण फक्त चित्रं एकामागून एक दाखवायची. माझं पहिलं पात्र २५६ × ३२ पिक्सेलच्या एका पट्टीत होतं, म्हणजे ३२ पिक्सेल रुंदीच्या आठ फ्रेम. फ्रेमच्या क्रमांकाला ३२ ने गुणलं की पट्टी कुठून कापायची ते कळतं. (मोजणी शून्यापासून, हे विसरू नका.) इथवर सगळं सोपं होतं.

अडलं ते वेळेपाशी. गेमचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कोड, मी मॉनिटरच्या रिफ्रेशला (पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो त्याला) बांधला होता आणि दर सहाव्या फेरीला फ्रेम बदलत होतो. माझ्या ६० हर्ट्‌झच्या लॅपटॉपवर धावणं झकास दिसायचं. मित्राच्या १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर तेच पात्र जवळजवळ अडीच पट वेगाने पाय आपटू लागलं. फेऱ्या मोजू नका, मिलिसेकंद मोजा. पायगेमच्या क्लॉकचं टिक फंक्शन मागच्या फेरीपासून गेलेले मिलिसेकंद देतं. ते साठवत जा, १०० झाले की पुढची फ्रेम. मात्र साठा शून्य करू नका, त्यातून १०० वजा करा. नाहीतर उरलेले मिलिसेकंद दर वेळी वाया जातात आणि चाल हळूहळू मंदावते.

मग पात्र एक पाय वर धरून नुसतं सरकायला लागलं. दिवसभर मी चित्रातच चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये होती: बटण दाबलेलं असेपर्यंत प्रत्येक फेरीत ‘धावणे’ ही अवस्था नव्याने लागत होती आणि फ्रेम पुन्हा शून्यावर येत होती. अवस्था खरोखर बदलली तरच फ्रेम शून्य करायची.

एवढं होऊनही पाय बर्फावर असल्यासारखे घसरत होते. आठ फ्रेमचं आवर्तन ०.८ सेकंदात संपतं. तेवढ्यात चित्रातली पावलं ४८ पिक्सेल अंतर कापत असतील, तर पात्राचा वेग सेकंदाला ६० पिक्सेलच हवा. हा हिशेब मला कुणी आधी सांगितला असता, तर महिना वाचला असता.

उडीची फ्रेम जास्त उंच असते, म्हणून चित्र वरच्या डाव्या कोपऱ्याऐवजी पायाशी, मिडबॉटमला (खालच्या कडेच्या मध्यावर) टेकवा. आता मी चित्रं येण्याआधी एक ते आठ आकडे लिहिलेले साधे चौकोन फिरवून बघतो. आकडा अडखळला, की लगेच दिसतं.