वनजमिनीवर आप्ताच्या स्मृतीचे झाड कसे लावावे

आई-वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने गावालगतच्या डोंगरावर ओटा बांधावा किंवा शिळेवर त्यांचे नाव कोरावे, असे अनेकांना वाटते. मात्र भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन संरक्षणाचा १९८० चा कायदा यांमुळे वनजमिनीवर असे बांधकाम मनाने करता येत नाही, आणि ते पाडले गेले तर घरच्यांचे दुःख पुन्हा ताजे होते. म्हणून झाडच लावावे, असे माझे मत आहे.

प्रथम तलाठ्याकडे सातबारा पाहावा, कारण लोक ज्याला ‘फॉरेस्ट’ म्हणतात ते पुष्कळदा गायरान निघते आणि मग ग्रामपंचायतीकडे जावे लागते. जमीन वनखात्याची असल्यास वनरक्षकांना भेटून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यावा, त्यात जागा, रोपांची संख्या आणि पाणी कोण घालणार हे स्पष्ट लिहावे, आणि लेखी परवानगी हाती येईपर्यंत कुदळ मारू नये. गौताळा किंवा येडशी रामलिंग घाटासारख्या अभयारण्यात नियम अधिक कडक असतात; तेथे आग्रह धरू नये.

रोप सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून, शक्यतो कडुनिंब, वड, करंज किंवा बेलाचे आणि कमरेइतके उंच घ्यावे. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून उन्हात तापू द्यावा आणि चांगला पाऊस झाल्यावरच लागवड करावी.

आपल्या मराठवाड्यात अनेकांच्या अस्थी पैठण, गंगाखेड किंवा नांदेडला गोदावरीत विसर्जित होतात. थोडी रक्षा झाडाखाली ठेवावी ही इच्छा असल्यास तेही आधी अर्जात नमूद करावे. रक्षा क्षारयुक्त असते आणि आपली काळी माती मुळातच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, त्यामुळे रक्षा एकाच जागी ओतल्यास कोवळी मुळे जळतात. मूठभर रक्षा भरपूर माती आणि शेणखतात मिसळून खड्ड्याच्या कडेने पसरावी.

खरी कसोटी पुढच्या तीन उन्हाळ्यांत लागते. रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवल्यास ओल हळूहळू झिरपते. शेळ्यांपासून राखण्यासाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे. भावंडांनी महिने वाटून घ्यावेत, म्हणजे पाण्याची खेप चुकत नाही.

खोडाला खिळा मारून पाटी लावू नये. झाड वनखात्याचेच राहणार असल्याने त्याची जागा घरच्या वहीत, जवळच्या ओढ्याची किंवा पाऊलवाटेची खूण देऊन नोंदवून ठेवावी.