पेटंटची फी भरायची राहिली? तारीख मोजण्यापासून पेटंट परत मिळवण्यापर्यंत

पेटंटचे प्रमाणपत्र हाती आले की ते चौकटीत बसवून भिंतीवर लावले जाते आणि काम झाले असे वाटते. भारतात पेटंटची मुदत २० वर्षांची आहे, पण ते तेवढे टिकावे म्हणून दरवर्षी फी भरावी लागते. माझ्याकडे धावत आलेल्या बऱ्याच जणांनी फी मुद्दाम टाळलेली नसते. त्यांनी तारीखच चुकीची धरलेली असते, म्हणून सुरुवात तारखेपासून.

१. देय तारीख शोधा

वर्षे मोजायची ती अर्ज दाखल केल्याच्या दिवसापासून. मंजुरीचा दिवस इथे उपयोगाचा नाही. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण तपशिलाआधीचा तात्पुरता अर्ज केला असेल, तर त्याचा दिवस धरायचा. पहिल्या दोन वर्षांना फी नाही. तिसऱ्या वर्षाची फी दुसरे वर्ष संपण्याआधी भरायची, चौथ्याची तिसरे संपण्याआधी, असा क्रम पुढे चालतो.

समजा, अर्ज १० जून २०१९चा आहे आणि मंजूर पेटंटची नोंद पेटंट कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये २० जानेवारी २०२४ला झाली. तोवर तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षाच्या देय तारखा उलटून गेल्या. ही थकलेली फी नोंदीपासून ३ महिन्यांत, म्हणजे २० एप्रिल २०२४पर्यंत भरायची. मुदतवाढ घेतली तर नोंदीपासून जास्तीत जास्त ९ महिने मिळतात. नवे पेटंटधारक सर्वाधिक अडकतात ते इथेच. मंजुरीचा आनंद ताजा असतो आणि तीन महिने बघता बघता निघून जातात. शिवाय सहाव्या वर्षाची फी त्याच वर्षी १० जूनला येऊन ठेपते, ती वेगळीच.

हिशेब स्वतः केला तरी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या 'इनपास' शोधसेवेत आपला अर्ज क्रमांक टाकून ई-रजिस्टर उघडा. पेटंट चालू आहे की नाही आणि पुढच्या फीची देय तारीख कोणती, हे दोन्ही तिथे दिसते. कोणाच्या आठवणपत्राची वाट पाहू नका.

२. रक्कम काढा

ऑनलाइन भरणाऱ्या व्यक्तीला, स्टार्टअपला, लघुउद्योगाला किंवा शिक्षणसंस्थेला तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरवर्षी ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, अकराव्या ते पंधराव्यासाठी ४,८०० आणि त्यापुढे ८,००० रुपये पडतात. इतर कंपन्यांना याच्या पाचपट. कागदावर अर्ज दिला तर दहा टक्के जास्त.

३. तारीख उलटली असेल तर फॉर्म ४

देय तारखेनंतर ६ महिन्यांची मुदतवाढ मिळते. त्यासाठी कारण पटवून द्यावे लागत नाही. फॉर्म ४ भरायचा, मूळ फी भरायची आणि उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे व्यक्तीने ४८०, तर मोठ्या कंपनीने २,४०० रुपये जादा द्यायचे.

वरच्याच पेटंटची सातव्या वर्षाची फी १० जून २०२५ला देय होती आणि लक्षात आले २५ ऑगस्टला, असे धरू. तिसरा महिना सुरू झाला, म्हणून तीन महिन्यांचे १,४४० रुपये. मूळ २,४०० धरून एकूण ३,८४०. मोठ्या कंपनीला हेच १९,२०० पडतील. पैसे भरताना पेटंट क्रमांक, पेटंटची तारीख आणि कोणत्या वर्षाची फी आहे ते नीट लिहा.

पैसे जमवायला वेळ लागणार असेल तर हे महिने वापरा, पण शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका. डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपलेली असणे किंवा पेमेंट अडकणे, एवढ्यानेही पेटंट हातचे जाऊ शकते.

४. सहा महिनेही गेले असतील तर

आता पेटंट संपले, आणि तेही मूळ देय तारखेपासून. आपल्या उदाहरणात १० जून २०२५पासून. तरीही दार बंद झालेले नाही. पेटंट कायद्याच्या कलम ६०नुसार पेटंट संपल्यापासून १८ महिन्यांत फॉर्म १५वर ते पुन्हा चालू करण्याचा अर्ज करता येतो, म्हणजे इथे १० डिसेंबर २०२६पर्यंत. मुदतवाढीचे सहा महिने याच अठरांत मोडतात. ते वेगळे मिळतील असे समजून अनेकांची उरलेली संधीही जाते.

इथे मात्र कारण सांगावे लागते. फी न भरणे हेतुपुरस्सर नव्हते आणि अर्जाला विनाकारण उशीर केला नाही, हे दोन्ही पटवून द्यायचे असते. गंभीर आजारपण, सल्लागार बदलणे, जुन्या पत्त्यावर जात राहिलेली पत्रे, जे खरे घडले ते तारखांसह लिहा आणि दवाखान्याची कागदपत्रे, ईमेल असे पुरावे जोडा. 'पैसे वाचवायचे होते म्हणून सोडले, आता ग्राहक मिळाला' हे कारण चालत नाही, आणि ते दडवून दुसरे रचूही नका. नियंत्रकाला, म्हणजे निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याला, सकृद्दर्शनी पटले नाही, तर सुनावणी मागता येते. पटले, तर अर्ज अधिकृत जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि त्यावर २ महिन्यांत हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. निकाल बाजूने लागला की थकलेली फी आणि जादा शुल्क एका महिन्यात भरायचे.

परत मिळालेले पेटंट पूर्वीइतके भक्कम नसते, हे फार कमी जणांना माहीत असते. पेटंट संपल्यापासून तुमचा अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध होईपर्यंतच्या काळात कोणी तुमचा शोध वापरला, तर त्या वापराबद्दल दावा लावता येत नाही. त्या काळात कोणी उत्पादन सुरू केले असेल, तर त्याला कायद्याने संरक्षणही मिळू शकते. म्हणून अठरा महिने हातात आहेत म्हणून थांबू नका. उशिराचा प्रत्येक आठवडा स्पर्धकाला मिळतो.

५. पुढच्या वर्षांसाठी

हातात पैसे असतील तर किमान चार वर्षांची फी ऑनलाइन एकदम भरा. २०२४च्या नियमबदलानंतर त्यावर १० टक्के सूट आहे. पत्ता, ईमेल किंवा सल्लागार बदलला की कार्यालयाला लगेच कळवा. आणि फी भरल्यावर पावती जपून ठेवाच, पण काही दिवसांनी ई-रजिस्टर पुन्हा उघडून पुढची देय तारीख पुढे सरकली का तेही पाहा. ती जुनीच दिसत असेल, तर त्याच दिवशी पावती जोडून कार्यालयाला लिहा.