मॉडेल कारच्या क्लिअर कोटवरची ‘संत्र्याची साल’ अशी घालवली

नाशिकच्या उन्हाळ्यात भर दुपारी फवारलेला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक, चकचकीत थर) नीट पसरायच्या आतच सुकायला लागतो आणि बॉनेटवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे उमटतात. १:२४ च्या मॉडेलवर ते फार खुपतात, कारण खऱ्या गाडीच्या मापात तोच खळगा २४ पट मोठा वाटतो.

क्लिअर कोटचा लॅकर आधी चांगला आठवडाभर कडक होऊ दिला. मग २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक सँडपेपर) भिजवला, पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा थेंब टाकला आणि अगदी हलक्या हाताने घासलं. पुसून तिरक्या उजेडात धरलं की कळतं: अजून चमकणारे ठिपके म्हणजे शिल्लक खळगे. सगळीकडे एकसारखं दुधी दिसलं की थांबायचं. बॉनेटच्या कडा, दारांच्या रेषा यांना मास्किंग टेप लावाच. तिथे थर सर्वांत पातळ असतो, रंग चटकन उघडा पडतो.

पुढे ३००० नंबर, मग तामिया कंपनीची कंपाउंड (पॉलिशच्या पेस्ट): कोर्स, फाइन, फिनिश. प्रत्येकाला वेगळं मऊ सुती फडकं हवंच. मशीन मी लावत नाही, घर्षणाने मॉडेलचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक तापून मऊ पडतं.

आता बॉनेटमध्ये ट्यूबलाइट सरळ दिसते, काय सुंदर दिसते! रेषांत अडकलेलं कंपाउंड ओल्या, मऊ टूथब्रशने निघालं. पुढची फवारणी सकाळी, ऊन चढायच्या आत.