मालिका आणि तिचा सेट स्त्री-पुरुष समानतेच्या फूटपट्टीने कसा तपासाल?

मराठी मालिकेत बायकांना तोटा नाही. नायिका, सासू, आजेसासू, दोन जावा, एक नणंद, चार दिवसांसाठी येऊन मुक्काम ठोकलेली आत्या. एका भागात बऱ्याचदा पुरुषांपेक्षा बायकाच जास्त दिसतात आणि जास्त बोलतात. त्यामुळे 'बायका किती' एवढंच मोजलं, तर बहुतेक मालिका डिस्टिंक्शनमध्ये पास होतील. ॲलिसन बेक्डेल या अमेरिकी चित्रकर्तीच्या १९८५च्या एका कॉमिक पट्टीतून आलेली चाचणी सगळ्यांना ठाऊक असते: किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि बोलण्याचा विषय पुरुष नसावा. ती पट्टी सिनेमाबद्दल होती आणि सिनेमासाठी ती आजही पहिली चाळणी म्हणून चालते. मालिकेत मात्र दागिन्यांच्या डब्यावरून दोन जावांची जुंपली तरी चाचणी पास. तेव्हा मालिकेसाठी मोजमाप वेगळं लागतं आणि ते पडद्यामागेही न्यावं लागतं.

नमुना कोणता घ्यायचा

सोमवार ते शनिवार असे सलग सहा भाग घ्या. महाएपिसोड नको, आणि लग्नाचा किंवा मंगळागौरीचा ट्रॅक चालू असेल तो आठवडाही नको. त्या दिवसांत अख्खा गोतावळा फ्रेममध्ये असतो आणि सगळे आकडे फुगतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण २०-२२ मिनिटांचा मजकूर असतो. थांबवत थांबवत पाहिलं तर पहिल्या भागाला दोनेक तास धरा. हात बसल्यावर तासाभरात होतो. तुम्ही मालिकेच्या लेखक-टीममध्ये किंवा क्रिएटिव्हमध्ये असाल तर संवादांची फाइल हाताशी असेलच, शब्द तिच्यावरून मोजा. पण एडिटमध्ये काय उडालं हे फाइल सांगत नाही, म्हणून प्रक्षेपित भागाशी ताडून बघा. लांबी जास्त झाली की कोणाची वाक्यं आधी कापली जातात, ही माहितीही त्यातच मिळते.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक सीनला एक ओळ द्या. रकाने असे: सीन क्रमांक, जागा, सीनमधली पात्रं, बायकांचे शब्द, पुरुषांचे शब्द, चेहरा दिसलेले सेकंद (बाई/पुरुष), हातात काय काम होतं, निर्णय कोणी घेतला, निर्णय कशाबद्दल.

शब्द आणि चेहऱ्याचे सेकंद वेगळे ठेवायचं कारण रिॲक्शन शॉट. पुरुष एक वाक्य बोलतो, मग 'धडाम'च्या साथीने सून, सासू, जाऊ अशा तिघींच्या चेहऱ्यांवर झूम. बारा-पंधरा सेकंद बाई पडद्यावर, शब्द शून्य. हे सेकंद वेगळे काढले नाहीत तर नायिकेला भरपूर जागा मिळतेय असं वाटत राहतं. एका पात्राचे सेकंद आणि शब्द शेजारी मांडले की तिला बोलायला आणलंय की ऐकायला, ते लगेच दिसतं.

पार्श्वनिवेदन, शीर्षकगीत आणि मागच्या भागाची उजळणी मोजू नका. फोनवरचा आवाज मात्र मोजा.

निर्णयाचा रकाना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. निर्णय म्हणजे ज्यामुळे पुढचा सीन बदलतो ती गोष्ट. "चहा टाकते" हा निर्णय नाही. "उद्यापासून मी दुकानात बसणार" हा आहे.

समजा सीन असा आहे. स्वयंपाकघर. सासू गवार मोडतेय, सून पोळ्या लाटतेय. सासू म्हणते, "गावच्या जमिनीचे कागद आलेत, दादा म्हणत होता विकून टाकू." सून म्हणते, "आई, पण त्यात तुमचंही नाव आहे ना?" सासू गप्प. दारातून मोठा मुलगा: "मी बोललोय एजंटशी. रविवारी सह्या." झूम, झूम, पॅकअप. नोंद कशी होईल? जागा स्वयंपाकघर. शब्द बायकांचे जास्त. चेहऱ्याचे सेकंद बायकांचे खूप जास्त. हातातलं काम दोघींना, त्याला काही नाही. निर्णय: पुरुष. कशाबद्दल: मालमत्ता. शब्द मोजून थांबला असतात तर हा सीन बायकांचा ठरला असता.

'कशाबद्दल' या रकान्यात तीनच पर्याय ठेवा: घर आणि नाती, पैसा आणि मालमत्ता, घराबाहेरचं काम. हा भाग टाळला की खलनायिका सगळं गणित बिघडवते. ती भागात चार-चार निर्णय घेते: विष कालवते, पत्र लपवते, फोटो पाठवते. नुसती बेरीज केली तर बायकाच कथा चालवतात असा निष्कर्ष निघेल. पण तिचे बहुतेक निर्णय पहिल्या पर्यायात पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या पर्यायात बायकांच्या नावावर किती खुणा आहेत, ते बघा. नायिका 'करिअर करणारी' आहे असं प्रोमोत सांगितलं असेल, तर सहा भागांत ती कामाच्या ठिकाणी किती सीनमध्ये आहे आणि त्यातल्या कितीत ती खरंच काम करतेय, हेही इथेच कळेल. ऑफिसात बसून नवऱ्याची वाट बघणं हे काम नव्हे.

दोन जण स्वतंत्रपणे एकच भाग भरा आणि मग ताडून बघा. शब्द आणि सेकंद जुळतील, निर्णयावर वाद होईल. वाद झाला की नियम एका ओळीत लिहून ठेवा आणि पुढच्या भागांना तोच लावा. मधेच नियम बदलला तर सहाही भाग परत करावे लागतात.

लेखकांच्या टेबलावर फुकटात होणारी दुरुस्ती

संहितेत "डॉक्टर येतो", "इन्स्पेक्टर आत येतो", "बँक मॅनेजर फाइल सरकवतो" असं सवयीने लिहिलं जातं आणि कास्टिंग त्या क्रियापदावरून होतं. एका दिवसापुरत्या भूमिकांची यादी वेगळी काढा. कथेला फरक पडत नसेल तिथे एकाआड एक भूमिका बाईची करा. यात पैसा लागत नाही, फक्त यादी कास्टिंगला जाण्याआधी हे व्हायला हवं. ब्रेकडाउन (सीनवार लागणाऱ्या माणसांची-वस्तूंची यादी) निघाल्यावर कोणी ऐकत नाही.

दुसरी तपासणी अदलाबदलीची. सीनमधली नावं आणि क्रियापदं उलटवून मोठ्याने वाचा. नवरा ताट वाढून वाट बघतोय आणि बायको न सांगता उशिरा येऊन म्हणतेय, "भूक नाही." हसू आलं तर का आलं यावर पाच मिनिटं घालवा. पात्र-परिचयातही हेच करा. बाईची ओळख "पंचविशीची, गोरी, सोज्वळ" आणि पुरुषाची "महत्त्वाकांक्षी, शब्दाला पक्का" अशी असेल, तर एकीकडे दिसणं आहे आणि दुसरीकडे स्वभाव.

श्रेयनामावली

एकूण नावं मोजणं इथेही फसवं. वेशभूषा आणि केशभूषेत बायका असतात, त्यामुळे बेरीज बरी दिसते. प्रत्येक विभागाचा प्रमुख तेवढा मोजा: दिग्दर्शन, एपिसोड दिग्दर्शन, कथा, पटकथा, संवाद (हे तिन्ही वेगवेगळे), छायांकन, संकलन, ध्वनी, कला, वेशभूषा, रंगभूषा, कार्यकारी निर्माता. लाइट आणि कॅमेरा-अटेंडंटची ओळही बघून ठेवा, तिथे आकडा कितीला अडकतो ते कळेल. रोजच्या भागात श्रेयनामावली भरभर पुढे पळवतात किंवा दाखवतच नाहीत. युनिट लिस्ट किंवा कॉलशीट (कोणी किती वाजता सेटवर यायचं याचा रोजचा तक्ता) मिळाली तर तीच वापरा.

रंगभूषेची ओळ मुद्दाम बघा. मुंबईच्या चित्रपट-उद्योगात कामगार संघटनेच्या नियमामुळे बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळत नसे, फक्त हेअरड्रेसरचं मिळे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४मध्ये तो नियम रद्द केला. आजही सेटवर 'मेकअप दादा' आणि 'हेअर ताई' अशीच विभागणी दिसली, तर कायद्याची अडचण हे कारण आता उरलेलं नाही.

मानधन: पर-डे नव्हे, तासाचा दर

नायक आणि नायिका दोघांचा पर-डे (दिवसाचं मानधन) सारखा असला तरी तुलना संपत नाही. समजा दोघांनाही दिवसाला १०,००० रुपये. त्याचा कॉल (सेटवर यायची वेळ) सकाळी ९चा, पॅकअप रात्री ९ला: १२ तास, म्हणजे तासाला सुमारे ८३३ रुपये. तिला केस, मेकअप आणि नऊवारीसाठी ७.३०चा कॉल: साडेतेरा तास, तासाला सुमारे ७४१ रुपये. तोच पर-डे, पण दर ११ टक्क्यांनी कमी. तिच्या हेअरड्रेसरचा कॉल तर साडेसातच्याही आधीचा.

म्हणून तुलनेच्या तक्त्यात हे सगळं घ्या: पर-डे, महिन्याला हमीचे किती दिवस, कॉल ते पॅकअप तास, पेमेंट किती दिवसांनी (मालिकेत ९० दिवस हा जुना रिवाज), येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, आणि कपडे, चपला, खोटे दागिने कोणी आणायचे. छोट्या निर्मितीत "घरच्या दोन-तीन साड्या आणा" असं सहज सांगतात; त्यांची धुलाई आणि फॉल-पिको तिच्याच खिशातून जातं. करारावर सही करण्याआधी हेअर-मेकअपचा वेळ शिफ्टमध्ये धरला आहे, असं एक वाक्य घालून घ्या. 'समान कामाला समान वेतन' हे तत्त्व १९७६च्या कायद्यात होतं, ते आता २०१९च्या वेतन संहितेत आहे. पण दोघांचं काम 'समान' आहे हे दाखवायला वरचा तक्ताच उपयोगी पडतो.

आउटडोअर

रेकीला (शूटआधीच्या जागेच्या पाहणीला) जाताना लोकेशनचे फोटो काढता, तसं शौचालयापर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. बायकांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं, पाणी, दिवा आणि झाकणाचा कचरा-डबा असलेलं शौचालय हवं. व्हॅनिटी प्रमुख कलाकारांची असते. ज्युनिअर आर्टिस्ट, सहायक दिग्दर्शिका आणि हेअरड्रेसर कुठे जाणार, हे विचारा. केरळ सरकारने मल्याळम चित्रपटसृष्टीसाठी २०१७मध्ये नेमलेल्या न्या. हेमा समितीच्या अहवालात हाच मुद्दा ठळक आहे: सोय नसल्याने बायका सेटवर पाणीच पीत नाहीत. अहवाल २०१९च्या अखेरीस सादर झाला आणि काही भाग वगळून ऑगस्ट २०२४मध्ये खुला झाला.

रात्रीच्या पॅकअपला गाडीचा क्रम लिहून ठेवा. बाई एकटी शेवटी उतरणार नाही असा मार्ग आखा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन अशा अटी आहेत. युनिटने हाच किमान निकष मानावा.

अंतर्गत समिती कागदावर राहू नये म्हणून

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे, आणि कंत्राटी, रोजंदारी, प्रशिक्षणार्थी सगळे त्यात मोजले जातात. छोट्यातलं छोटं युनिटही दहाच्या वर जातं. कामानिमित्त जिथे जाल ते ठिकाण आणि मालकाने पुरवलेली गाडी, हेही कामाचंच ठिकाण. चित्रपटाचं प्रत्येक निर्मिती-युनिट या कायद्याखाली येतं, असं केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२मध्ये स्पष्ट केलं.

शूटच्या आधी, प्री-प्रॉडक्शनलाच लेखी आदेश काढा. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य, एक बाहेरचा सदस्य (महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार), आणि एकूणात निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. बाहेरच्या सदस्याचं मानधन बजेटमध्ये आधीच टाका, नाहीतर ती जागा रिकामी राहते. निर्मात्याच्या घरचंच माणूस अध्यक्षपदी बसवणं ही नेहमीची चूक; मग तक्रार येतच नाही आणि 'आमच्याकडे काही नाही' म्हणून अहवाल जातो. दुसरी चूक म्हणजे समिती अंधेरीच्या ऑफिसात आणि शूट साताऱ्यात. सदस्यांची नावं आणि फोन रोजच्या कॉलशीटच्या तळाशी छापा. मेकअप रूममध्ये आणि लाइटच्या गोडाऊनपाशी मराठी-हिंदीत चिकटवा.

मुदती पाठ असाव्यात. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत, लेखी. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि अहवालावर मालकाची कारवाई ६० दिवसांत. चौकशी चालू असताना तक्रारदार समितीकडे बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागू शकते. सेटवर याचा अर्थ असा की तिचे सीन न कापता वेळापत्रक हलवायचं. तिचा ट्रॅकच बंद केला तर ती शिक्षाच झाली. तडजोड करायची तर तक्रारदाराच्या मागणीवरूनच, आणि पैसे देऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही. समितीच नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

सिनेमाचं युनिट साठ दिवसांत विखुरतं, तक्रार मात्र डबिंगच्या वेळीही येऊ शकते. म्हणून समितीचा आदेश 'चित्रीकरण पूर्ण होईपर्यंत' असा काढू नका. प्रदर्शनानंतर किमान सहा महिने ती चालू राहील असं त्यात लिहा.

मालिकेची मोजणी दर पन्नास भागांनी परत करा. टीआरपी घसरला की बहुतेकदा पहिली गदा नायिकेच्या ऑफिसच्या सेटवर येते, कारण त्याचं भाडं वेगळं पडतं आणि स्वयंपाकघर उभंच असतं. 'घराबाहेरचं काम' या पर्यायातल्या खुणा कमी व्हायला लागल्या, तर सेट मोडायच्या आधी प्रॉडक्शनशी बोला. एकदा मोडलेला सेट परत लागत नाही.